घराला गुलाबी रंग देताना

दिवाळी दोन महिन्यांवर आली, की रंगांच्या दुकानांत काउंटरवर शेडकार्डे उघडली जातात. आगपेटीएवढ्या चौकोनांत मांडलेल्या शेकडो छटा पाहताना घरातील प्रत्येकाचे बोट वेगळ्या चौकोनावर पडते. हलक्या गुलाबी रंगाच्या बाबतीत तर हा मतभेद अधिकच रंगतो. कोणाला तो प्रसन्न वाटतो, तर कोणाला बालवाडीच्या भिंतींची आठवण होते. मोठ्या हौसेने निवडलेली छटा प्रत्यक्ष भिंतीवर आली, की ती आवडलेल्यांनाही अनेकदा धक्का बसतो. कार्डावर मोगऱ्यासारखी मंद भासणारी छटा खोलीभर पसरल्यावर एकाएकी भडक दिसू लागते, आणि दोष येतो तो बिचाऱ्या रंगाऱ्याच्या माथी.

जबलपूर शहराच्या उत्तर अंगाला, अधारतालच्या पुढे कटनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर महाराजपूर ही वस्ती आहे. या भागातील एका मध्यमवर्गीय मराठी घराची येथे कल्पना करू. घर तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बांधलेले. कर्ता पुरुष नुकताच सेवानिवृत्त झालेला. मुलगा, सून आणि पाच वर्षांचा नातू. उत्तरेकडील खोलीत ऐंशी ओलांडलेल्या आजी. आजींचे माहेर नागपूरच्या महाल भागातले. माहेरच्या माजघराला असलेला फिकट गुलाबी चुना त्यांच्या मनातून कधी गेलाच नाही. आपल्या खोलीला एकदा तोच रंग लागावा, एवढीच त्यांची मागणी आहे. मुलाला ती मान्य आहे, नातवाला तर फारच. सुनेच्या मते मात्र हा रंग जुनाट आहे. सेवानिवृत्तीच्या रकमेतून ठरावीक पैसे बाजूला काढलेले आहेत आणि ते एकदाच खर्च व्हावेत, अशी सर्वांची इच्छा आहे. हे घर काल्पनिक असले, तरी अशी घरे जबलपुरात शोधावी लागत नाहीत. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या शहराचा मराठी भाषकांशी संबंध आहे. पुढे मध्य प्रांतात आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंतच्या जुन्या मध्य प्रदेशात नागपूर हीच राजधानी होती. तेव्हा न्यायालये, रेल्वे आणि तोफगाड्यांचा कारखाना यांच्या निमित्ताने कित्येक कुटुंबे नर्मदेकाठी येऊन स्थिरावली. आजींच्या ‘फिकट गुलाबी’ला शेजारच्या हिंदी भाषक घरात ‘प्याजी’ म्हणतात आणि दोघींनाही एकमेकींचा रंग बरोबर समजतो.

आजींच्या आठवणीतला तो रंग डब्यातून आलेला नव्हता. कळीचा चुना पाण्यात विझवायचा, कापडातून गाळायचा, भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात डिंकाचे पाणी घालायचे आणि मग गेरू किंवा काव थोडी थोडी मिसळत जायची, अशी ती रीत होती. या कामात हाताचा अंदाज महत्त्वाचा असे. कारण चुन्याचा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर कितीतरी फिका पडतो. जाणता कारागीर आधी एखाद्या विटेच्या किंवा कौलाच्या तुकड्यावर हात मारून तो उन्हात वाळवी आणि मगच बादलीत आणखी काव घालायची की नाही, ते ठरवी. आजच्या इमल्शनचे वर्तन बहुतेक वेळा नेमके उलटे असते. ते ओले असताना दुधाळ दिसते आणि वाळल्यावर थोडे गडद होते. जुन्या सवयीने ‘वाळल्यावर फिका होईल’ असा दिलासा कोणी देत असेल, तर तो चुन्यासाठी खरा आहे, इमल्शनसाठी नव्हे.

चुना आणि लोहयुक्त लाल माती ही जोडी जुळली, तिला रसायनशास्त्राचे कारण आहे. चुना तीव्र अल्कधर्मी असतो. अनेक रंगद्रव्ये त्यात टिकत नाहीत. लोहाचे ऑक्साइड मात्र टिकते, आणि उन्हानेही सहसा विटत नाही. जयपूरचा जगप्रसिद्ध गुलाबी याच कुळातला. १८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीच्या वेळी महाराजा सवाई रामसिंह यांच्या कारकिर्दीत शहर त्या रंगाने रंगविले गेल्याचे सांगितले जाते. जवळून पाहिल्यास तो गुलाबापेक्षा गेरूच्या अधिक जवळचा आहे. जबलपूरकरांना तर या सामग्रीसाठी दूर पाहण्याचेही कारण नाही. चुन्यासाठी प्रसिद्ध असलेली कटनी १९९८ मध्ये स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत जबलपूर जिल्ह्यातच होती. पलीकडे मंडला-दिंडोरीच्या गोंड घरांत छुही ही पांढरी माती, पिवळी रामरज आणि गेरू यांनी भिंतीवर ‘डिगना’ काढण्याची परंपरा आहे. पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांनी (१९६२–२००१) आपली चित्रकला भिंतीवरून कागदावर आणि कॅनव्हासवर नेली, तिची पार्श्वभूमी हीच. मदनमहालच्या टेकड्यांवरील ग्रॅनाइटमध्येही गुलाबी झाक आहे. एकंदरीत हा रंग या परिसराला परका नाही. सुनेच्या आक्षेपाला एवढे उत्तर कदाचित पुरेसे होणार नाही, पण निदान चर्चेला सुरुवात होईल.

दुसरा एक आक्षेप बहुधा पाहुण्यांकडून येतो. गुलाबी म्हणजे मुलींचा रंग, तो पुरुषांच्या बैठकीला कसा चालेल? लग्नात गुलाबी फेटा बांधून मिरविणाऱ्या समाजाने हा प्रश्न विचारावा, हे गमतीचे आहे. मुलींना गुलाबी आणि मुलांना निळा हा दंडक पाश्चात्त्य बाजारपेठेतून आला, आणि तिथेही तो फार जुना नाही. १९१८ मध्ये अमेरिकेतील बालवस्त्रांच्या एका व्यापारी नियतकालिकाने गुलाबी हा अधिक ठाशीव रंग असल्याने तो मुलग्यांसाठी योग्य, असे लिहिले होते. गुलाबी रंगाने मन शांत होते, हा दावाही असाच तपासून घ्यावा लागतो. १९७९ मध्ये सिएटल येथील अमेरिकन नौदलाच्या बंदिगृहात एक कोठडी विशिष्ट गुलाबी रंगाने रंगविण्यात आली आणि कैद्यांची आक्रमकता घटल्याचा गाजावाजा झाला. पुढील काटेकोर प्रयोगांत मात्र तसा परिणाम आढळला नाही. शिवाय तो गुलाबी चांगलाच भडक होता. आजींच्या माजघराशी त्याचे नाते नव्हते. तेव्हा गुलाबी रंग लावावा तो आवडतो म्हणून. रागीट माणसावरचा इलाज म्हणून लावल्यास पैसे वाया जाण्याचा संभव अधिक.

आता मूळ प्रश्न. कार्डावरचा रंग भिंतीवर बदलतो का? डब्यातील रंग बदलत नाही. त्याच्यावर पडणारा प्रकाश बदलतो. हलक्या गुलाबी रंगात पांढऱ्याचा वाटा फार मोठा आणि लालाचा अगदी अल्प असतो. त्यामुळे प्रकाशातील थोडासा फरकही या रंगावर लगेच उमटतो. त्यातच चार भिंती एकमेकींवर आपला रंग परावर्तित करतात आणि छटा अधिक दाट होत जाते. कार्डावर आवडलेल्या छटेपेक्षा एक-दोन पायऱ्या फिकी छटा घ्यावी, असे जाणकार सांगतात, ते यासाठीच.

आजींची खोली उत्तरेकडे आहे. कर्कवृत्त जबलपूरच्या थोडेसेच उत्तरेकडून जाते. त्यामुळे जूनच्या आसपासचे दिवस सोडले, तर उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही; येतो तो आकाशाचा थंड, निळसर उजेड. या उजेडात निळ्याकडे झुकणारा गुलाबी रंग राखाडी आणि उदास दिसतो. तिथे अबोलीच्या बाजूला झुकणारी, किंचित पिवळसर ऊब असलेली छटा शोभते. पश्चिमेच्या बैठकीत हाच अबोली दुपारनंतरच्या तांबूस उन्हात चक्क नारिंगी होईल, म्हणून तिथे थोडी निळसर किंवा मातकट छटा बरी. खिडकीबाहेर दाट आंबा किंवा कडुनिंब असेल, तर पानांवरून येणारा हिरवट उजेड गुलाबीचा तजेला कमी करतो. याउलट जुन्या घरांतील लाल कोबा आपली लाली खालून भिंतीवर टाकतो. अशा जमिनीवर फिकट गुलाबीही दीडपट गुलाबी भासतो. संपूर्ण घराला एकच शेड नंबर देऊन मोकळे होण्याची सवय या रंगाला मानवत नाही.

रात्रीचा हिशेब वेगळाच. आपल्याकडे पांढऱ्या शुभ्र ट्यूबची सवय आहे. ६५०० केल्व्हिनच्या आसपासच्या या प्रकाशात गुलाबी रंग जांभळट होतो. तोच २७०० ते ३००० केल्व्हिनच्या पिवळसर दिव्याखाली उबदार दिसतो. एलईडी दिव्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. भिंतीवर हजारो रुपये खर्च करताना शे-दोनशे रुपयांच्या दिव्याकडे दुर्लक्ष होणे ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. अनेकदा भिंत पुन्हा रंगविण्याऐवजी दिवा बदलला असता, तरी काम भागले असते.

वयोमानाप्रमाणे डोळ्यातील भिंग पिवळसर होते, फिकट छटांमधील भेद कळेनासा होतो आणि चकाकीचा त्रास होतो. आजींना फिकट गुलाबी आणि मलई रंग कदाचित सारखाच दिसेल. तरीही त्यांच्या खोलीत काही गोष्टी अगत्याने करण्यासारख्या आहेत. भिंतीला चकचकीत नव्हे, तर मंद, चकाकीविरहित रंग द्यावा. जमीन आणि भिंत यांच्यामधली पट्टी गडद तपकिरी ठेवावी, म्हणजे भिंत कोठे संपते ते कळते. दाराची चौकट आणि बटनांचा फलकही भिंतीत मिसळून जाणार नाही, असा असावा. रात्री उठताना हाताला बटन सापडणे हे रंगसंगतीहून अधिक मोलाचे आहे.

या साऱ्याच्या आधी एक काम असते, आणि तेच नेमके टाळले जाते. ते म्हणजे भिंतीची तपासणी. २२ मे १९९७ च्या पहाटेचा भूकंप जबलपूरकर विसरलेले नाहीत. त्या धक्क्याने असंख्य घरांना तडे गेले आणि त्यांतील बरेच तडे वर्षानुवर्षे पुट्टीखाली झाकले गेले. जबलपूर परिसरात, कृषी विद्यापीठाच्या शिवारातही, काळी चिकणमाती आहे. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळणारी ही जमीन पायाला स्वस्थ बसू देत नाही. गिलाव्यावरील केसासारख्या बारीक रेषांचे भय नाही. परंतु खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारी आणि दरवर्षी रुंदावत जाणारी भेग हा रंगाऱ्याचा विषय नव्हे. ती अभियंत्याला दाखवावी. ती वाढते आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने बसवून तारीख लिहून ठेवायची. पट्टी तडकली, तर भिंत अजून हलते आहे.

ओलीचेही तसेच आहे. पावसाळा संपताच नवरात्रात रंगकामाची घाई सुरू होते. पण जबलपूरच्या भरपूर पावसाने भिजलेली भिंत तोवर आतून वाळलेली नसते. तिच्यावर पुट्टी आणि इमल्शन चढविले, की आतला ओलावा कोंडला जातो आणि होळीपर्यंत पोपडे सुटतात. गुलाबी भिंतीवर पांढरा लोणा फार उठून दिसतो. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक-दोन दिवस ठेवावा. आतल्या बाजूला दव जमले, तर ओल भिंतीतूनच येत आहे असे समजावे आणि गच्ची, पाण्याचा नळ किंवा बाहेरचा गिलावा यांपैकी दोषी कोण, ते शोधावे. नव्या सिमेंटच्या गिलाव्यालाही असाच अवधी हवा. तो ताजा असताना अल्कधर्मी असतो आणि काही भडक लाल सेंद्रिय रंगद्रव्ये त्याने विटतात. म्हणून दुकानदाराकडे मातकट, लाल ऑक्साइडवर आधारलेली गुलाबी छटा मागावी. ती थोडी कमी लखलखते, पण जास्त काळ आपल्या रंगात राहते.

घरात पाच वर्षांचा नातू आहे, त्यामुळे जुन्या दारे-खिडक्यांवरील तैलरंग खरवडतानाही सावधगिरी हवी. जुन्या थरांत शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ मध्ये झाले आणि ते २०१७ मध्ये लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगांना ही मर्यादा नव्हती. तेव्हा कोरडे घासून धूळ उडविण्यापेक्षा पाणी लावून घासावे, आणि त्या दिवसांत मुलांना शेजारी किंवा आजोळी पाठवावे.

आता पैशांचा विचार. आजींची खोली बारा बाय दहा फूट आणि दहा फूट उंच धरू. चार भिंतींची एकूण लांबी ४४ फूट, म्हणून क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. त्यातून तीन बाय सातच्या एका दाराचे २१ आणि चार बाय चारच्या दोन खिडक्यांचे ३२ वजा केले, की उरतात ३८७ चौरस फूट. डब्यावर दोन हातांसाठी लिटरमागे जितके चौरस फूट छापले असतील, त्याने भागावे. समजा ते १२० आहेत, तर साधारण सव्वातीन लिटर रंग लागेल. डब्यावरचा आकडा गुळगुळीत भिंतीसाठी असतो, हे ध्यानात घेऊन चार लिटर धरावेत. एका खोलीचा सर्व रंग एकाच वेळी तयार करून घ्यावा. यंत्रातून पुन्हा काढलेल्या फिकट छटेत सूक्ष्म फरक पडू शकतो आणि तो भिंतीच्या ऐन मध्यावर दिसतो. मजुरीच्या मोजमापात दारे-खिडक्या वजा होणार की नाही, हे आधीच कागदावर घ्यावे. याबाबत रंगाऱ्यांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि रंगकामातील बहुतेक भांडणे याच कलमावरून होतात. डब्यातून रंगाऱ्यांसाठी कूपने निघण्याची प्रथाही जुनी आहे. त्यात गैर काही नाही. पण एखाद्याच प्रकारच्या डब्याचा फार आग्रह होऊ लागला, तर ही प्रथा आठवावी.

निव्वळ रंगासाठी कर्ज काढण्याचे समर्थन करणे कठीण आहे. ज्या खर्चाची तारीख पाच-सहा वर्षे आधीच ठाऊक असते, त्यासाठी दरमहा ठेव अर्थात रिकरिंग डिपॉझिट हा जुनाच मार्ग उत्तम. या दिवाळीनंतर दरमहा ३,००० रुपये भरल्यास पुढील दिवाळीला ३६,००० रुपये मुद्दल आणि वर व्याज हाती येते. गच्चीची गळती, पायाची ओल किंवा भेगांची दुरुस्ती यांची गोष्ट निराळी. हे काम पुढे ढकलले, तर खर्च वाढतच जातो. त्यासाठी घरदुरुस्तीचे कर्ज घेणे शहाणपणाचे ठरू शकते. अर्जासोबत अभियंत्याचे किंवा कंत्राटदाराचे अंदाजपत्रक लागते आणि रक्कम कामाच्या प्रगतीप्रमाणे मिळू शकते. स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्ती-कर्जावरील व्याजाला जुन्या करप्रणालीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती मिळत नाही, हे कर्ज घेण्यापूर्वीच लक्षात घेतलेले बरे.

आपल्या कल्पनेतील घरात अखेर असे ठरले. बाजूला काढलेल्या रकमेतून प्रथम गच्चीचा उतार आणि आजींच्या खोलीमागचा पाण्याचा नळ दुरुस्त करायचा. भिंत वाळेपर्यंत रंग थांबवायचा, म्हणजे या दिवाळीला खोलीला रंग लागणार नाही. आजींना हे सांगणे कोणालाच सोपे गेले नाही. सुनेने त्यावर तोड काढली. तीन छटांचे छोटे डबे आणून तिने चित्रकलेच्या मोठ्या कागदांवर दोन-दोन हात मारले, कडेला चार बोटे पांढरी जागा सोडली आणि ते कागद आजींच्या पलंगासमोर टांगले. सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी दिवेलागणीला आणि रात्री ट्यूबच्या प्रकाशात ते पाहायचे. शिवाय जागाही बदलून पाहायची, कारण खिडकीलगतची भिंत आणि समोरची भिंत यांना सारखा उजेड मिळत नाही.

पहिल्या दिवशी आजींनी सर्वांत गडद कागद पसंत केला. चौथ्या दिवशी त्या मधल्यावर आल्या. आठवड्याने ट्यूब काढून पिवळसर दिवा लावला, तेव्हा त्यांनी सर्वांत फिका कागद मागून घेतला, खिडकीपाशी नेऊन निरखला आणि माजघराची भिंत अशीच होती, असे सांगितले. अबोलीकडे झुकणारी ती छटा सुनेनेही मनातल्या मनात निवडली होती. त्या कागदाच्या मागे शेड नंबर, कंपनीचे नाव आणि तारीख लिहून तो घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवण्यात आला आहे. गच्चीचे काम सुरू झाले असून भिंत वाळली, की जानेवारीत रंगारी येणार आहे.